आधी बॅटरी, मग स्कूटर

‘एअरलाइन अप्रूव्हड’ असं ठसठशीत छापलेली मोबिलिटी स्कूटर कुणी दाखवली, तर त्या दोन शब्दांवर एक रुपयाही जास्त देऊ नका. स्कूटरच्या मॉडेलला असं प्रमाणपत्र अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन देत नाही आणि आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीएही, देत नाही. तो शिक्का विक्रेत्याने स्वतःच मारलेला असतो. चेक-इनच्या काउंटरवरच्या माणसाला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. तो एकच प्रश्न विचारतो : बॅटरी किती वॅट-अवरची?

या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही त्याची स्कूटर विमानतळावरच राहते. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, तरी दुकानात बोलणं चालतं ते वेगाचं, रंगाचं, हेडलाइटचं आणि एका बटणावर घडी होण्याचं.

नियम सरळ आहे. घडी होणाऱ्या आणि बॅटरी निघणाऱ्या स्कूटरची लिथियम-आयन बॅटरी काढायची आणि स्वतःबरोबर केबिनमध्ये न्यायची. ती 300 वॅट-अवरच्या आत हवी. स्कूटर दोन बॅटऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येकी 160 च्या आत. एक जादा बॅटरी नेता येते, तिलाही हीच मर्यादा. आणि या सगळ्याला विमान कंपनीची आधी घेतलेली संमती लागते.

आता बॅटरी उलटी करून तिचं लेबल बघा. वॅट-अवर छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करायचं. 24 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर म्हणजे 240. चालेल. 24 व्होल्ट, 12 अँपिअर-अवर म्हणजे 288. चालेल. पण तीच 12 अँपिअर-अवरची बॅटरी दुसऱ्या कंपनीने 25.2 व्होल्टची म्हणून छापली असेल, तर गुणाकार येतो 302.4. अडीच वॅट-अवरसाठी तुम्ही नियमाबाहेर. आतले सेल त्याच जातीचे आणि तेवढेच असू शकतात, पण काउंटरवर लेबल वाचलं जातं, सेल मोजत नाहीत. म्हणून ‘सर, चोवीस व्होल्टचीच आहे’ हे तोंडी आश्वासन कामाचं नाही. लेबलचा स्पष्ट फोटो मागवा, गुणाकार स्वतः करा. ‘यूएन 38.3’ या चाचणीचा कागदही मागा. लिथियम बॅटरी वाहतुकीला योग्य आहे हे दाखवणारी चाचणी ती. चांगला उत्पादक तो कागद लगेच पाठवतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये.

लांब पल्ल्याचा मोह तर हमखास नडतो. ‘थोडे जास्त पैसे द्या, वीस अँपिअर-अवरची टाकून देतो, दुप्पट चालेल.’ चालेल, सोसायटीच्या आवारात. 480 वॅट-अवरची ती सुटी बॅटरी केबिनमध्ये घेऊन तुम्हाला कुठल्याच विमानात बसता येणार नाही.

इतकी कडक अट कशासाठी, असं वैतागून विचारणारे भेटतात. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईहून निघालेलं एक मालवाहू बोइंग 747 आग लागून कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. 28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिमहे विमानतळावर उभं असलेलं प्रवासी विमान आतून जळालं; आग सुरू झाली ती डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात. लिथियम बॅटरी पेटली की तिची उष्णता तीच वाढवत नेते. केबिनमध्ये धूर दिसतो आणि कर्मचारी धावू शकतात. विमानाच्या पोटात कुणी नसतं. म्हणून बॅटरी बरोबर न्यायची, टोकांना इन्सुलेशन टेप लावायची, बंद पिशवीत ठेवायची, आणि डोक्यावरच्या कप्प्यात न कोंबता हाताशी ठेवायची. हा नियम त्रासाचा असला तरी योग्य आहे.

सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या स्कूटरही विमानातून जातात. प्राइड कंपनीच्या जुन्या गो-गो मालिकेतल्या तसल्याच. तिथे वॅट-अवरची भानगड नाही. बॅटरी सांडणारी नाही, पक्की बसवलेली आहे आणि शॉर्टसर्किट होणार नाही, हे दाखवावं लागतं. स्वस्त पडतात. पण शिशाचं वजन ते शिशाचंच.

वजनाचं बोलूच. घडीच्या लिथियम स्कूटरचं वजन साधारण वीस ते तीस किलो असतं. जाहिरातीतली तरुण मुलगी ती एका हाताने डिकीत ठेवते. तुमच्या घरात ती कोण ठेवणार आहे? बहुतेक वेळा अडुसष्ट वर्षांचे काका, ज्यांच्या मणक्याचा चौथा-पाचवा मणी आधीच बोलतोय. स्कूटर काकूंसाठी घेतली आणि काका पट्टा बांधून झोपले, असं घडतं. इस्रायलच्या मूव्हिंग लाइफ कंपनीच्या अ‍ॅटोसारख्या काही स्कूटर दोन तुकड्यांत सुटतात, म्हणजे एका वेळी निम्मंच वजन उचलायचं. कार्बन फायबरच्या आणखी हलक्या आहेत, महागही. माझं मत विचाराल तर पैसे वेगावर घालवू नका, वजन कमी करण्यावर घाला. माहितीपत्रकात वजन बॅटरीसकट दिलंय की बॅटरीशिवाय, हे विचारायला विसरू नका. बहुतेक ठिकाणी ते बॅटरीशिवायच असतं.

आणि आपल्याकडची एक अडचण परदेशी माहितीपत्रकात कधीच सापडणार नाही. मुंबई-पुण्यात विमानतळावर नेणाऱ्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. घडी केलेली स्कूटर आणि दोन बॅगा तिथे मावत नाहीत. मग स्कूटर कॅरिअरवर दोरीने बांधली जाते आणि विमानतळ येईपर्यंत हँडलची एखादी वायर सुटते. घडी केल्यावरची लांबी-रुंदी-उंची लिहून घ्या आणि टॅक्सी ठरवताना मोठी गाडी सांगा.

आता बसणाऱ्याचं. आपल्याकडे स्कूटर निवडतो मुलगा, न्यू जर्सीत बसून, रात्री लॅपटॉपवर. ‘आई, तुझ्यासाठी बेस्ट रेटिंगवाली मागवलीय.’ आईला कुणी विचारलेलंच नसतं. हलक्या घडीच्या स्कूटरला बऱ्याचदा हातच नसतात आणि पाठ जेमतेम कमरेपर्यंत. गुडघे बदललेल्या बाईला हातांवर जोर दिल्याशिवाय उठता येत नाही. वेग देण्याची खिटी अंगठ्याने दाबून धरावी लागते. संधिवाताने वाकडा झालेला अंगठा पाच मिनिटांत दुखायला लागतो. पार्किन्सनचा कंप असेल तर ती खिटी धोक्याची. बसल्यावर तोल सांभाळता येत नसेल, नजर फार अधू असेल, तर स्कूटर नकोच; चालवून नेणारा माणूस आणि व्हीलचेअर हेच बरं. तीन चाकांची स्कूटर लहान जागेत वळते, पण तिरप्या रॅम्पवर कलते. चार चाकांची स्थिर असते, पण लिफ्टमध्ये वळवताना नाकी नऊ आणते. जिच्यासाठी घ्यायची तिला अर्धा तास त्या सीटवर बसवा, उठवा, वळायला लावा. नुसते रेटिंग बघून आईसाठी चप्पलसुद्धा कुणी घेत नाही.

एवढा खटाटोप करायचा कशाला, विमानतळावर व्हीलचेअर फुकट मिळते ना, असं म्हणणारे विमानतळाच्या व्हीलचेअरवर स्वतः बसलेले नसतात. चेक-इन झाल्यावर गेटजवळ त्या खुर्च्यांची रांग लावतात. ढकलणारा मुलगा ‘आजी, बसा, येतोच’ म्हणून दुसऱ्या प्रवाशाकडे जातो. त्याचाही दोष नाही, त्याच्यावर चार जणांचा भार असतो. आजी तिथे भिंतीकडे तोंड करून बसते. स्वच्छतागृह समोर दिसतं, पण जाता येत नाही, कारण त्या खुर्चीची चाकं स्वतःच्या हाताने फिरवता येण्याजोगी नसतात. म्हणून आपल्या कितीतरी आया प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बायका सोळा तासांच्या प्रवासाला घसा कोरडा ठेवून निघतात. स्वतःची स्कूटर असेल तर पाणी प्यायचं, हवं तेव्हा उठून जायचं, चहाच्या दुकानापर्यंतही जायचं. हे स्वातंत्र्य दीड-दोन लाखांचं आहे, असं मला वाटतं.

फुकटच्या खुर्चीचा भरवसा किती, तेही मुंबईने पाहिलंय. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या वृद्ध जोडप्याला एकच व्हीलचेअर मिळाली. पत्नी तिच्यात बसली, 80 वर्षांचे पती बरोबर चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. ते वाचले नाहीत. डीजीसीएने विमान कंपनीला 30 लाखांचा दंड केला. ज्यांना नीट चालता येतं, पण रांग टाळायची असते म्हणून जे व्हीलचेअर मागतात, त्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. तुम्ही अडवलेली खुर्ची कुणाच्या तरी वाटणीची असते.

तिकीट काढल्यावर लगेच कंपनीला कळवा. प्रवासाच्या 48 तास आधी ही शेवटची मुदत समजा. फोनवर नव्हे, ई-मेलने. त्यात स्कूटरचं वजन, घडी केल्यावरची मापं, बॅटरीचा प्रकार, वॅट-अवर आणि लेबलचा फोटो द्या. विमान कंपन्यांच्या नोंदीत लिथियम बॅटरीच्या साधनासाठी डब्ल्यूसीएलबी असा कोड असतो. तो तुमच्या बुकिंगवर लागलाय का, ते विचारा. नुसती ‘व्हीलचेअर’ नोंदवली गेली तर बॅटरीचा प्रश्न काउंटरवर नव्याने सुरू होतो. संमतीचं उत्तर छापून बरोबर ठेवा, कारण सुरक्षा तपासणीत ती विटेएवढी बॅटरी पुन्हा बाहेर निघणार. जोडविमान असेल तर दोन्ही कंपन्यांची संमती लागते. बोइंग 737 च्या सामानाच्या दाराची उंची नव्वद सेंटिमीटरच्या आत असते, हे घडी न होणारी स्कूटर घेणाऱ्याने आधी लक्षात घ्यावं. लहान एटीआर विमानांत तर जागा आणखी कमी, आणि जिथे एअरोब्रिज नाही तिथे जिना. तिथे अँबुलिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट प्रवाशाला विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी, आहे का, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारून टाका.

स्कूटर विमानाच्या दारापर्यंत चालवत न्यायची आणि उतरल्यावर दाराशीच परत मिळावी, अशी मागणी करा आणि टॅगवर तसं लिहून घ्या. पट्ट्यावर आली तर ती बॅगांबरोबर आपटत येते.

लोडरच्या हाती देताना मोटर सोडवण्याची खिटी दाखवा. ही खिटी बहुधा मागच्या चाकांजवळ असते. ती सोडली नाही तर चाकं लॉक असतात. मग चार माणसं स्कूटर फरफटत नेतात आणि गिअर जातो. ती सोडली की ब्रेकही सुटतो, हेही सांगा, म्हणजे उतारावर कुणी सोडून देणार नाही. खिटीच्या चित्रासकट इंग्रजी-हिंदीत एक कागद लॅमिनेट करून हँडलला बांधा. चावी, टोपली, आरसे काढून बॅगेत घाला, हँडल पट्ट्याने आवळा, आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

एवढं करूनही मोडतेच कधी कधी. अमेरिकेत 2023 साली विमान कंपन्यांनी 11 हजारांवर व्हीलचेअर आणि स्कूटर मोडल्या, हरवल्या किंवा उशिरा दिल्या, असं तिथल्या परिवहन खात्याचेच आकडे सांगतात. तिथे निदान मोजतात तरी. आणि देशांतर्गत प्रवासात मोडली तर स्कूटरच्या मूळ किमतीपर्यंत भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे कायद्याच्या नजरेत ती स्कूटर बॅगच. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराची मर्यादा लागते, 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये. देशांतर्गत प्रवासात मर्यादा 20,000 रुपये. दीड लाखाची स्कूटर मुंबई-नागपूर प्रवासात चेपली तर वीस हजार. त्यात नवी बॅटरीसुद्धा येत नाही.

हे बदललं पाहिजे. ज्या माणसाचे पाय काम देत नाहीत त्याचे पाय म्हणजे ती स्कूटर आणि तिची किंमत सुटकेसच्या रांगेत बसवून ठरवणं अन्यायाचं आहे. केंद्र सरकारने मोबिलिटी साधनं सामानाच्या मर्यादेतून वगळावीत, पूर्ण दुरुस्ती किंवा पूर्ण किंमत कंपनीवर बंधनकारक करावी आणि किती साधनं मोडली याचा आकडा कंपनीवार दर महिन्याला जाहीर करायला लावावं.

ते होईपर्यंत आंतरराष्ट्रीय प्रवासात चेक-इनच्या वेळी स्कूटरची किंमत लेखी जाहीर करा. जादा शुल्क भरून भरपाईची मर्यादा वाढवण्याची सोय करारातच आहे. आणि मोडलेली मिळाली तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा, प्रत घ्या. घरी जाऊन बघू म्हणणाऱ्यांसाठी शेवटची मुदत सात दिवसांची आहे. आठव्या दिवशी तुमचं कुणी ऐकणार नाही.