तेलाच्या वाटीचा मालक

पासलीच्या बाजूची खाचरं अरुंद. चिखलणीला पॉवर टिलर जितका सहज वळतो, तितका ट्रॅक्टर वळत नाही. तरीही एखाद्या अंगणात जुना महिंद्रा बी-२७५ ऐटीत उभा असतो. बोनेटवर ‘वेल्हे’ रंगवलेलं. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, ते मालकाला मंजूर आहे. रंगाचा खर्च मंजूर नाही. म्हणून गाव त्याला चिक्कू म्हणतं. मला हे पटत नाही. त्याला पैसा वाचवायचा नसतो, आपल्यावाचून अडेल असं काहीतरी जवळ हवं असतं, आणि ते त्याला एअर क्लीनरमध्ये सापडलेलं असतं. नव्या ट्रॅक्टरचा कागदी फिल्टर झटकायचा, खराब झाला की दुकानातून दुसरा आणायचा; त्यात माणसाला मान कसला? जुन्याला तेलाची वाटी असते. आत आलेली हवा तेलावर आपटून एकदम वर वळते, जड धूळ वळू न शकल्यानं तेलात पडते, उरलीसुरली वरच्या ओल्या जाळीत अडकते. वाटी सोडायची, गाळ खरवडायचा, जाळी डिझेलमध्ये खळबळायची, खुणेपर्यंत इंजिनचं तेल भरायचं. देवाची पूजा सुनेनं केली तरी चालते. वाटीला दुसऱ्याचा हात चालत नाही. चिक्कू असता तर एका तेलावर दोन हंगाम काढले असते. हा धुळीच्या दिवसांत रोज वाटी उघडतो, आणि उघडण्याआधी कुणी बघतंय ना, याची खात्री करून घेतो.

कुणी म्हणेल, उन्हाळ्यात ठीक; पण आषाढात जिथे धोतर वाळत नाही, तिथे धूळ कुठली? आक्षेप बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. पावसात वाटीत पाणी शिरलं तर ते जड म्हणून तळाशी बसतं आणि तेल खुणेच्या वर चढतं. ते तेल इंजिननं ओढलं, तर इंजिन त्याच्यावरच बेफाम पळू लागतं. डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. तेव्हा भर पावसात वाटी उघडणं शहाणपणाचंच. त्याला कारण विचारावं, तर म्हणेल, “मुक्या जिवाला श्वास नको का?”

ब्रेकचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. दिवे गेलेले, सीटवर पोतं, ब्रेक मेंगाई देवीच्या हवाली. पण ब्रेकला मिस्त्री लागतो, आणि मिस्त्री आला की मालकाचा बघ्या होतो. म्हणून केळदच्या वाटेवर उतार लागला की ट्रॉलीतली मंडळी खाली उतरून चालू लागतात. हा वळून विचारतो, “काळा धूर दिसतो का बघा!” धूर खरंच नसतो.