आते काय व्हई?

मेक्सिकोच्या कार्लोस रेगादासच्या 'सायलेंट लाइट' या चित्रपटात पहिली पाच-सहा मिनिटं फक्त उजाडतं. चांदण्यांनी भरलेलं आभाळ, किड्यांची किरकिर, कुठंतरी हंबरणारी गुरं, मग क्षितिजावर तांबूस रेघ, मग झाडं, मग शेत. माणूस नाही, संवाद नाही. पार्श्वसंगीत तर अख्ख्या चित्रपटात नाही. २००७ साली कानच्या महोत्सवात या चित्रपटाला ज्युरी पारितोषिक मिळालं आणि समीक्षकांनी या पहाटेवर रकानेच्या रकाने लिहिले. धुळ्याच्या आमच्या आप्पांनी मात्र एवढंच विचारलं, "आते काय व्हई?"

"दिवस उगवेल," मी म्हणालो.

"तो तर रोज उगवतो. त्याला पेन ड्राइव्ह कशाला?"

पेन ड्राइव्ह भाच्यानं पुण्याहून आणला होता. पुण्याला शिकणारी मुलं सुट्टीत घरी येताना पूर्वी बाकरवडी आणत, आता चित्रपट आणतात. स्थळ जळगाव, महिना मे, पारा चव्वेचाळीसच्या घरात, आणि चित्रपट असा की त्यात शांतता हेच मुख्य पात्र. जळगावात मे महिन्यात शांतता नसते, कूलर असतो. आमचा कूलर म्हणजे खिडकीत बसवलेली पिठाची गिरणीच. त्याच्या घरघरीत मेक्सिकोची पहाट काही केल्या ऐकू येईना, म्हणून भाच्यानं तो बंद केला. त्याक्षणी घरातल्या प्रत्येकानं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसा तीव्र अभिनय पुढच्या सव्वादोन तासांत पडद्यावर कुणी केला नाही. शेवटी तडजोड झाली: माणसं बोलतील तेव्हा कूलर चालू, कारण अक्षरं खाली उमटतातच, कुणी बोलत नसेल तेव्हा बंद. आता या चित्रपटात बहुतेक वेळ कुणीच बोलत नाही. हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून बरं.

गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. उत्तर मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात मेनोनाइट पंथाचे शेतकरी राहतात. १९२२ च्या सुमाराला ते कॅनडातून तिथं येऊन वसले. घरात अजून प्लाउटडीच नावाची जुनी जर्मन बोली बोलतात आणि चित्रपटही त्याच बोलीत आहे. त्यांच्यातला योहान हा लेकुरवाळा, देवभीरू शेतकरी दुसऱ्या बाईच्या प्रेमात पडतो आणि ते बायकोला सांगून टाकतो. कामं बरीचशी त्या समाजातल्याच साध्या माणसांनी केली आहेत. बायको झालेली मिरियम टेव्झ मात्र कॅनडातली कादंबरीकार. शेवटी काय घडतं ते सांगत नाही. सव्वादोन तास बसून जे मिळतं ते वाचकाला फुकट का द्यायचं?

आता मंडळींचे अभिप्राय. घरातले सगळे न्याहारीआधी टेबलाभोवती मान खाली घालून मूक प्रार्थना करतात आणि घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येते, असा एक लांबलचक प्रसंग सुरुवातीलाच आहे. मामी म्हणाल्या, "एवढी लेकरं, अन् एकाचाही चमचा वाजत नाही. हे काही खरं नाही." मग बायको-मुलं बाहेर जातात, योहान स्टुलावर चढून ते घड्याळ बंद करतो आणि एकटाच बसून ढसाढसा रडतो. माझ्या डोक्यात लगेच थांबलेला काळ वगैरे सुरू झालं होतं. मामी म्हणाल्या, "सगळे गेल्यावर रडला. म्हणजे माणूस चांगला आहे, पण भानगड मोठी आहे." भानगड अजून पडद्यावर यायची होती.

आली तेव्हाही निकाल मामींनीच दिला. "बायकोला सगळं सांगून हा मोकळा झाला. ओझं कोणाच्या डोक्यावर गेलं? तिच्याच ना?" या चित्रपटावरचं जेवढं काही मी वाचलं आहे, त्यात प्रामाणिकपणाच्या या लबाडीवर इतकं नेमकं बोट कुणी ठेवलेलं मला आठवत नाही. वाक्य पुरं करून मामी कळण्याची भाकरी थापायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातून उरलेलं पाहत राहिल्या. त्यांना कुणी सिनेमाचं रसग्रहण शिकवलेलं नाही. सुना, नणंदा आणि भावकी एवढ्यावरच त्यांचं भागलं आहे.

आप्पांचा रस निराळा. यंत्रानं धारा काढतानाचं दृश्य आलं तसे ते खुर्चीच्या कडेवर सरकले. "फॅट किती लागत असेल?" मग, "एकही म्हैस कशी नाही?" मग शेतातली माती, पिकाची उंची, ट्रकचं चाक, सगळ्याची पाहणी झाली. मध्येच मोबाइलवर शेतातली मोटार चालू झाल्याचा निरोप आला, म्हणून ते अंगणात जाऊन गड्याशी बोलून आले. परत येऊन पाहतात तर दृश्य तेच. "काहीच व्हस नही ना भो," ते म्हणाले आणि पुन्हा तितक्याच लक्षपूर्वक पाहू लागले.

तरी मला ते लक्षपूर्वक पाहणंच महत्त्वाचं वाटतं. महोत्सवात आम्ही गळ्यात ओळखपत्र अडकवून असले चित्रपट पाहतो तेव्हा कंटाळा आला तरी तोंडावर दाखवत नाही. बाहेर येऊन 'फ्रेमिंग अप्रतिम' म्हणतो आणि चहाच्या रांगेत लागतो. फ्रेममध्ये गाई किती होत्या, हे विचारलं तर सांगता येणार नाही. आप्पांना आकडा पाठ होता.

खानदेशाला संथपणाचं वावडं आहे, असंही कुणी समजू नये. श्रावणात कानबाई बसते तेव्हा हीच मंडळी रात्रभर जागतात. वहीगायन ऐकायला बसली की घड्याळाकडे बघत नाहीत. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ साली 'कोसला' लिहिली. तिच्यातही रूढ अर्थानं फारसं काही घडत नाही आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या ती वाचताहेत. समांतर सिनेमाचा चेहरा झालेली स्मिता पाटील मूळची शिरपूरकडच्याच घरातली. तिचा 'मंथन' (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला आणि आपलाच सिनेमा म्हणून ट्रक भरभरून तो पाहायला गेले. २०२४ मध्ये तोच 'मंथन' नव्यानं उजळून कानला दाखवला गेला. फॅट किती लागते हा आप्पांचा प्रश्न त्या प्रेक्षकांनी सहज समजून घेतला असता.

उलट बाजूही खरी आहे म्हणा. शेजारच्या मालेगावातून निघणारे छोटू दादाचे व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी लोक पाहतात, त्यात आमचे आप्पाही आहेत. तिथं दर दहा सेकंदाला कुणीतरी कुणाला तरी बदडतं. पण एकच माणूस दुपारी छोटू दादा आणि रात्री रेगादास पाहू शकतो. अडचण असते ती मध्ये उभं राहून समजावून सांगणाऱ्याची. त्या दिवशी ती भूमिका मी घेतली. शेवटचं दृश्य संपल्यावर मी मराठी आणि मेक्सिकन सिनेमाचं नातं सांगायला सुरुवात केली: 'रोमा'वाला आल्फोन्सो क्वारोन हा आपल्या चैतन्य ताम्हाणेचा मार्गदर्शक, ताम्हाणेच्या 'द डिसायपल'चा तो कार्यकारी निर्माता, त्याच चित्रपटाला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक... एवढ्यात मामींनी कूलर लावला.

तर कुणाला 'सायलेंट लाइट' पाहायचाच असेल, तर खानदेशात तो डिसेंबरात पाहावा. कूलरचा प्रश्न येत नाही, आणि भरीत-पुरीचे दिवस असल्यामुळे माणसं जमवायला त्रास पडत नाही. फक्त गव्हाला पाणी चालू असतं. तेव्हा शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, ते आधी विचारून घ्या.