आई काय करत होती?

आमच्या डब्यात न्यायदान फार लवकर होतं. कर्जतहून सुटलेली लोकल नेरळला येईस्तोवर आरोपी ठरतो, शेलूला पुरावे गोळा होतात, वांगणीला शिक्षा सुनावली जाते आणि बदलापूरला गर्दी आत घुसली की कोर्ट उठतं. अपिलाची सोय नाही.

परवाचा खटला न्यूयॉर्कचा होता. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून बसणाऱ्या एका काकांना न्यू जर्सीतल्या भाच्याने व्हिडिओ पाठवला होता. तसा तो जुनाच, २०२३ सालचा. पण आमच्या डब्यात मुदतबाह्य असं काही नसतं. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर हडसन नदीच्या काठी टॅरीटाऊन नावाचं गाव आहे. नदी आणि गाव यांच्यामधून मेट्रो-नॉर्थ रेल्वेचे रूळ जातात. ६ एप्रिलला तिथे तीन वर्षांचा एक मुलगा रुळांत शिरला. स्वमग्न, न बोलणारा. त्या मार्गावर गाडीला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळत नाही, ती शेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळते. ७०० व्होल्टच्या आसपास. त्या रुळाला वरून झाकण असतं आणि गाडी खालच्या बाजूने वीज घेते. मुलाच्या दृष्टीने ते झाकण म्हणजे चढायला बेताच्या उंचीचा कट्टा.

शहराकडे निघालेल्या गाडीच्या मोटरमनने त्याला पाहिलं आणि रेडिओवरून सगळ्या गाड्यांना कळवलं. उलट दिशेने येणारी गाडी थांबली, तिचा असिस्टंट कंडक्टर खाली उतरला, रुळांतून धावत गेला आणि पोराला उचलून घेऊन आला. गोष्ट एवढीच.

मोबाईल डबाभर फिरला. पहिला प्रश्न आला तो व्हिडिओ संपायच्या आत.

"आई काय करत होती?"

विचारणारे गृहस्थ गेल्या पावसाळ्यात याच लोकलमध्ये तीन छत्र्या विसरले आहेत. छत्रीला पाय नसतात, ती दाराची कडी काढत नाही, आणि तिला हात धरून ठेवलं तर ती हिसडा मारत नाही. तरीही तीन.

"तिकडे हे असंच. घरात आजी नाही ना!" दुसरे म्हणाले. यांची स्वतःची आई गावाला असते. "बाहेर पडेपर्यंत कळलं कसं नाही?" तिसरे. "पण गाडी किती मिनिटं लेट झाली?" हे चौथे, आणि खरं सांगायचं तर डब्यातला प्रामाणिक माणूस हाच.

बाप काय करत होता, हे मात्र कुणी विचारलं नाही. बाप बहुधा लोकलमध्ये होता.

आरोपी सापडल्यावर देव शोधावा लागतो. तो कंडक्टर देवमाणूस ठरला. मग ओघाने आपला माणूस निघाला, कारण गाडी तेवढ्यात वांगणीच्या फलाटाला लागत होती. १७ एप्रिल २०२१ ला इथेच मयूर शेळके हा पॉइंट्समन समोरून उद्यान एक्स्प्रेस येत असताना रुळांतून धावला, पडलेल्या मुलाला फलाटावर ढकललं आणि स्वतः वर चढला. मुलाच्या आईला दिसत नव्हतं. सीसीटीव्हीचं ते चित्रण साऱ्या देशाने पाहिलं. रेल्वेने पन्नास हजारांचं बक्षीस दिलं, जावा कंपनीने मोटारसायकल दिली. बक्षिसातली निम्मी रक्कम त्याने त्या माय-लेकरांना देऊ केली. (तेव्हा आमच्या डब्यात "निम्मीच?" असं विचारणारा एक जण होता. तो आता बदलापूरला फ्लॅट घेऊन राहतो, सुखी आहे.)

"आई काय करत होती?" हे वांगणीच्या प्रकरणात विचारायची पंचाईत होती. पण न्यायालय हुशार. "मग अशा बाईने एकटीने पोराला घेऊन यावंच कशाला?" असा निकाल त्याही वेळी झाला होता. शिक्षा सगळीकडे सारखी. फक्त कलम बदलतं.

ज्यांना आम्ही वर्षातून एकदा देव करतो, ती माणसं उरलेले दिवस रुळांवरच असतात. रविवारी मेगाब्लॉक असला की नारिंगी जाकिटातल्या त्याच माणसांच्या सात पिढ्यांचा आम्ही दारात लटकून उद्धार करतो. लाल कंदील हातात घेऊन उभा असलेला माणूस आम्हाला दिसतो तो फक्त आमची गाडी अडवणारा म्हणून. आणि टॅरीटाऊनला तरी दैवी असं काय घडलं? एका मोटरमनचं लक्ष समोर होतं. 'असेल काहीतरी' म्हणून तो पुढे गेला नाही. त्याने सांगितलं ते बाकीच्यांनी ऐकलं, आणि गाडी थांबवल्याबद्दल कुणी त्याच्याकडे स्पष्टीकरण मागितल्याचं ऐकिवात नाही. यातली शेवटची गोष्ट मला चमत्काराच्या सर्वांत जवळची वाटते.

तोवर डब्यात वैद्यकीय शाखा सुरू झाली होती. एका आजोबांच्या मते हे सगळं मोबाईलमुळे. एका काकूंच्या मते वेखंड उगाळून मधातून चाटवलं असतं तर पोर बोललं असतं. "माझ्या साडूचा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आज कुठे आहे? टेक्सासला!" असं एकाने सांगितलं आणि डबा काही क्षण आदराने गप्प झाला. दोन चापट्या नावाचं औषध तिघांनी स्वतंत्रपणे सुचवलं. आईन्स्टाईन येणार याची मला खात्री होती. तो अंबरनाथला आला.

आता थोडं रुक्ष बोलतो. २०१२ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या स्वमग्न मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास छापून आला. चार वर्षांनंतरच्या वयात निदान एकदा तरी घरातून, शाळेतून किंवा हात सोडवून निघून जायचा प्रयत्न केलेली मुलं होती ४९ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मी. त्या सगळ्यांच्या आया एकाच वेळी काहीतरी करत होत्या, असं आमच्या कोर्टाचं म्हणणं पडेल. पाणी आणि रस्ता हे या मुलांचे मोठे धोके. आणि ती दर वेळी घाबरूनच पळतात असं नाही, अनेकदा आवडत्या गोष्टीकडे निघतात. तळं, कारंजं, आगगाडी.

न्यूयॉर्कला हे ठाऊक होतं, पण फार महागात ठाऊक झालं होतं. ४ ऑक्टोबर २०१३ ला क्वीन्समधल्या एका शाळेतून अवॉन्टे ओकेंडो नावाचा चौदा वर्षांचा स्वमग्न मुलगा दार उघडून बाहेर पडला. त्याला गाड्यांचं वेड होतं, म्हणून भुयारी रेल्वेत घोषणा झाल्या, शोधासाठी रात्रीची रुळांवरची कामं थांबवली गेली. जानेवारीत त्याचे अवशेष नदीकाठी सापडले. मग शाळांच्या दारांना भोंगे कुठे बसवावेत हे तपासायचा कायदा शहराने केला, आणि २०१८ मध्ये देशाचा कायदा आला: केविन अँड अवॉन्टेज लॉ. कायद्याला दोन मुलांची नावं आहेत, दोन्ही न परतलेल्यांची. परतलेल्या मुलाच्या नावाने कायदा होत नाही, त्याचा व्हिडिओ होतो.

हे मी डब्यात बोललो नाही. बोलायला उल्हासनगर लागतं आणि तोपर्यंत श्वास घ्यायला जागा उरत नाही. शिवाय त्या वेळी माझं लक्ष दुसरीकडे होतं.

दाराजवळ नेरळपासून एक बाई उभी होती, सोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा. त्याच्या मनगटाला तिने ओढणीचं टोक बांधलं होतं आणि दुसरं टोक स्वतःच्या मुठीत. मुलगा पुढेमागे झुलत होता आणि घोषणा व्हायच्या आधी घोषणा करत होता. "पुढील स्थानक, शेलू. अगला स्टेशन, शेलू. नेक्स्ट स्टेशन, शेलू." तिन्ही भाषा, तोच ठेका, तोच बाईचा आवाज. शेलूला एकाने मागे वळून पाहिलं. वांगणीला दोघांनी. बदलापूरच्या आधी चौथ्या सीटवाले काका, डोळ्यांत अजून टॅरीटाऊनचं पाणी, म्हणाले, "अहो बाई, आवरा की त्याला जरा."

बाई म्हणाली, "हो दादा."

मी तिच्याशेजारी उभा होतो म्हणून विचारलं, दिव्यांगांच्या डब्यात का नाही जात? "तिथे विचारतात, हात-पाय तर धड आहेत, मग इथे कशाला?" २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांत आहे, पण कायदा लोकलने प्रवास करत नाही. मुलाच्या टी-शर्टच्या आतल्या बाजूला तिने मार्करने फोन नंबर लिहिला होता. घराला वरच्या बाजूला दुसरी कडी. खालच्या किराणावाल्याकडे, रिक्षास्टँडवरच्या पोरांकडे त्याचा फोटो. "दोनदा निघाला होता," ती म्हणाली. "दोन्ही वेळा स्टेशनातच सापडला. त्याला हरवल्यासारखं वाटतच नाही ना, म्हणून रडत नाही. आणि रडत नाही म्हणून बघणाऱ्याला वाटतं, असेल कुणाबरोबर तरी."

"मग सापडला कसा?"

"एकदा रिक्षावाल्याने आणला. एकदा गँगमनने. नाव विचारायचं राहिलं. मी त्याच्यावरच ओरडले हो, पोराला असं ओढू नका म्हणून."

या घटनेचा व्हिडिओ नाही. त्यामुळे आमच्या कोर्टात ती दाखल होऊ शकत नाही.

कल्याणला ती दोघं उतरली. काका मोबाईल परत खिशात ठेवत "माणुसकी अजून आहे हो" म्हणाले आणि रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरं बूड टेकलं.

तर वाचकहो, दोन विनंत्या. रुळांकडे एकटं निघालेलं, न रडणारं मूल दिसलं, तर 'कुणाचं आहे?' असं एकमेकांना विचारत उभे राहू नका. फलाटावरच्या पोलिसाला सांगा, नाहीतर १३९ फिरवा. गाडी थांबवता येते. आणि कर्जत लोकलमध्ये ती दोघं भेटली, तर त्यांना चौथी सीट देऊ नका. खिडकी द्या. स्टेशनं त्याला पाठ आहेत, पण बघायला आवडतात.