हुकूम कुठला?

भविष्य खोटं निघालं म्हणून मी कधी कुणावर रागावले नाही. 'प्लंबर पाच मिनिटांत येतो' हे वाक्य जिथे माणसं वर्षानुवर्षं मान डोलावून ऐकून घेतात, तिथे टॅरोवालीनेच तेवढं खरं बोलावं हा हट्ट अन्यायाचा होईल. माझी तक्रार निराळी आहे. रोख पाचशे रुपये मोजून समोर बसल्यावरही मला कुणी धड फसवत नाही.

जादूचे प्रयोग बघायला जाणारा माणूस काही रुमालाचं कबूतर होतं असं मानून तिकीट काढत नाही. त्याला हातचलाखी बघायची असते. कबूतर जादूगाराच्या बाहीतून आधीच डोकं बाहेर काढून बसलेलं असेल, तर मात्र त्याने पैसे परत मागावेत. टॅरोच्या बाबतीत माझं नेमकं हे झालं आहे. मी जिथे गेले तिथे कबूतर आधीच बाहेर.

शिवाय आमच्या अपेक्षा वाढवून ठेवलेल्या. माझं माहेर गुहागरच्या बाजूचं. तिथे ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवीला फक्त होकार-नकार विचारायचा असल्यामुळे 'तुमच्या आत एक दडलेली शक्ती आहे' वगैरे ऐकावं लागत नाही, आणि गुरवही नारळाच्या पलीकडे कशाची मागणी करत नाही. बाजाराच्या दिवशी पोपटवाला यायचा. पोपट पिंजऱ्यातून ऐटीत बाहेर येई, एक पाकीट चोचीने ओढी आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता परत जाई. काय तो आत्मविश्वास! गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून पाकीट बदलताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

ठाण्यातल्या टॅरोवालीने ते केलं. दिवाळीआधी मंगल कार्यालयांत प्रदर्शनं भरतात, त्यातलं एक. तिच्या एका बाजूला भाजणीचा स्टॉल, दुसऱ्या बाजूला पैठणीच्या पर्सेस. जांभळा टेबलक्लॉथ, मेणबत्ती (पंख्यामुळे विझलेली), आणि काळे मणी घातलेली एक घाबरलेली बाई. "तीन पत्ते काढा, मॅडम." मी काढले. पहिल्याच पानावर पांढऱ्या घोड्यावर बसलेला सापळा. तेरावं पान, मृत्यू. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पानाकडे, आणि ते अलगद गठ्ठ्यात परत सरकवून म्हणाल्या, "हे चुकून आलं. दुसरं घ्या."

चुकून! ज्या विद्येचा सगळा डोलारा 'चुकून काही येत नाही' या एका खांबावर उभा आहे, तिथे! दुसरं पान उलटं आलं, तर त्यांनी ते सुलटं करून ठेवलं, कारण "उलट्याचं मी करत नाही." तिसऱ्यासाठी त्यांनी टेबलाखालची पुस्तिका मांडीवर उघडली. पान सापडेना. शेवटी भाजणीवाल्या काकूंनी वाकून बघितलं आणि "चांगलं असावं, सूर्य आहे की त्याच्यावर" असा निर्वाळा दिला. पाचशे रुपयांतलं अर्धं मानधन नीतीने त्या काकूंना जायला हवं होतं. मी त्यांच्याकडून अर्धा किलो भाजणी घेऊन ती भरपाई केली.

खरं तर या धंद्यात पुस्तिका लागू नये, अशी सोय एका बाईने फार पूर्वी करून ठेवली आहे. टॅरोची पानं अठ्ठ्याहत्तर. त्यांतली बावीस मोठ्या मानाची आणि छप्पन्न साधी: तलवारी, पेले, छड्या आणि नाणी. जुन्या बहुतेक संचांत यांतल्या आकड्यांच्या पानांवर आपल्या बदामाच्या पंजीसारख्या नुसत्या खुणा असत. १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने आर्थर वेट यांच्या कल्पनेप्रमाणे नवा संच काढला, तेव्हा पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने त्या पानांवरही एकेक प्रसंग रंगवला. आज आपल्याकडच्या टेबलांवर जो पसरलेला असतो तो बहुतेक वेळा हाच संच, किंवा त्याची नक्कल. बिचारीला त्या कामाचे पैसे अगदी थोडे मिळाले आणि १९५१ साली ती कफल्लक अवस्थेत गेली. टॅरोत ज्यांची खरोखर फसवणूक झाली त्यांच्या यादीत मी तिचं नाव माझ्या वर लिहिते.

तर चित्र समोर आहे. ते बघायचं आणि त्याला थोडं मीठमसाला लावून सांगायचं. पहिलीतल्या मुलालाही जमावं. पण माझ्या नशिबी एक अशा आल्या की त्यांच्यासमोर टॅरोचा दवाखाना झाला. हृदयात घुसलेल्या तीन तलवारी, मागे काळे ढग आणि पाऊस. जगभर या पानावर प्रेमभंगाच्या कहाण्या रचल्या गेल्या. या म्हणाल्या, "कोलेस्टेरॉल बघून घ्या." अंथरुणात उठून बसलेली, तोंड ओंजळीत लपवलेली बाई आली. "झोप होत नाही ना?" पन्नाशीच्या पुढच्या बाईला हा प्रश्न विचारायला पत्ते कशाला लागतात? पाठीत दहा तलवारी खुपसलेला, पालथा पडलेला माणूस निघाला तेव्हा त्यांनी मणक्याच्या एका डॉक्टरांचं कार्ड दिलं. एका पायाने उलटा टांगलेला पुरुष बघून मला योगासनं सुचवली. आणि बर्फातून लंगडत चाललेले दोन भिकारी आले तर चेहरा खुलवून म्हणाल्या, "अरे वा, थंड हवेच्या ठिकाणी प्रवासयोग आहे!"

हे ऐकून आमचे हे म्हणाले, "बाई स्वस्तात पडली. फिजिशियन एवढ्यात नुसतं वजन करतो."

अडाणी परवडले, पण. लबाडांची जात वेगळी. त्या प्रदर्शनात भेटत नाहीत, व्हिडिओ कॉलवर भेटतात, आणि पैसे आधी जमा झाल्याचा स्क्रीनशॉट गेल्याशिवाय विश्व त्यांच्याशी बोलत नाही. अशा एकीने डोळे मिटले, पत्ते हृदयाशी धरले आणि सांगितलं, "मला तुमच्या आयुष्यात एक तपकिरी कुत्रा दिसतोय. तुमचा त्याच्यावर फार जीव आहे." माझ्या व्हॉट्सॲपच्या फोटोत एक तपकिरी कुत्रा आहे खरा. तो वरच्या मजल्यावरच्या लोकांचा, आणि त्याने माझी चप्पल नेली होती. फोटो मी पुरावा म्हणून काढला होता.

मग मुख्य विषय आला. "तुमच्यावर जवळच्या नात्यातल्या एका स्त्रीची दृष्ट आहे. नावात 'स' किंवा 'म' दिसतंय." हे मात्र चांगलं होतं, दाद द्यायला हवी. सुमन, स्मिता, सीमा, माधुरी, सुषमा, मंगल. मराठी घरात हे जाळं टाकलं की रिकामं येणं शक्यच नाही. आमच्याकडे 'स' आणि 'म' दोन्ही नसलेली एकच बाई आहे, माझी वहिनी कुंदा. आणि खरं सांगायचं तर दृष्ट लावायचीच झाली तर तीच लावेल. उपाय होता सिट्रिनचं झाड. झाड म्हणजे तारेला पिवळे खडे. किंमत ११,००० रुपये, मंत्रून हवं असल्यास वर २,१००. माझ्या तीन पिढ्यांतल्या बायकांचा द्वेष जिला बसल्या जागी दिसत होता, तिला माझा पिनकोड मात्र पुन्हा पुन्हा विचारावा लागत होता. 'घरी विचारून सांगते' म्हटल्यावर विश्वाने दर तासाने मिस्ड कॉल द्यायला सुरुवात केली.

माणसाला खूश करणं इतकं का अवघड आहे? बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुझं' म्हणून एकेक वर्णन दिलं. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि ते त्याने स्टॉलवर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून जुळवलं होतं. मुलांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! ना मेणबत्ती, ना मणी. आणि मी स्वतः गुण द्यायला उतावीळ बसलेली असताना माझ्या बायांना दोनच्या वर जाता येत नाही. 'तुम्ही वरून कणखर, आतून हळव्या आहात' एवढं म्हणा की! मी पर्समधून रुमाल काढते की नाही बघा.

आपल्या जोतिषांचाही एकदा असा निकाल लागला होता. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून वाटल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जोतिषांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. पण हे लोक निदान परीक्षेला बसले. टॅरोवाले परीक्षेला बसत नाहीत, त्यांची 'एनर्जी' त्या दिवशी बरोबर नसते.

एक मुलगा मात्र अजून आठवतो. कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत तो दहा पानांचा क्रॉस मांडून बसला. आयटीतली नोकरी सोडलेली, दाढी विद्येच्या मानाने बरीच पुढे गेलेली. पाचव्या पानाला तो थांबला. "मॅम, ही पानं मला माझ्यासाठीही सारखी येतात." मग सगळं बाहेर आलं. वडील बोलत नाहीत, घरमालक डिपॉझिट देत नाही, आणि जिच्यासाठी हे पत्ते शिकला तिने बेंगळुरूत लग्न ठरवलं. मी त्याला भाडेकराराची प्रत घेऊन घरमालकाला रीतसर नोटीस द्यायला सांगितलं, वडिलांना फोन कधी करावा (जेवण झाल्यावर, बातम्यांच्या आधी) ते सांगितलं, आणि त्या मुलीबद्दल काहीच सांगितलं नाही. तो म्हणाला, "मॅम, तुम्हाला कसं कळतं हो हे सगळं?" उठताना त्याने माझ्याकडून दहा टक्के सवलत देऊन बाकीचे पैसे घेतले. कॉफी मीच पाजली.

या सगळ्या परंपरेचे मूळ पुरुष बघितले की हल्लीची घसरण आणखी टोचते. हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ आहे, असं १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने छापून टाकलं. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कुणालाच वाचता येत नव्हती. शाँपोल्याँने ती उलगडली १८२२ साली, म्हणजे चाळीसएक वर्षांनी. त्याच काळात पॅरिसच्या अलिएत नावाच्या गृहस्थाने स्वतःचं आडनाव उलटं लिहून 'एत्तेला' हे गूढ नाव घेतलं आणि पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा रीतसर धंदा मांडला. लोणच्याच्या बाटलीवर नुसतं आडनाव छापणाऱ्या आमच्या लोकांना हे सुचलं नसतं. धादांत थाप, पण काय घडवलेली! त्यांच्या वारसांना पुस्तिका लपवून बघता येत नाही.

कुंदाने मागच्या वर्षी शनिवार-रविवारचा कोर्स केला. प्रमाणपत्र फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलं आहे. गणपतीला आम्ही सगळे माहेरी जमलो तेव्हा तिने संच बरोबर आणला होता, घरच्या घरी सराव म्हणून. जागरणाच्या रात्री नेहमीच्या पत्त्यांतली किलवरची राणी कुठेशी हरवली, मेंढीकोट अडला, आणि मामांची नजर तिच्या मखमली पिशवीवर गेली. मामा ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी पानं काढली, मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली.

"अठ्ठ्याहत्तर? जोकर किती गं यात? आणि हुकूम कुठला?"

"मामा, हे खेळायचे नाहीत," कुंदा दुखावून म्हणाली. "हे आत्म्याचे आहेत."

पण मामांचा प्रश्न अस्सल होता. इजिप्त वगैरे सगळं पुढचं. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या दरबारांत हे पत्ते जन्मले ते शुद्ध खेळण्यासाठी, आणि ज्या मोठ्या मानाच्या पानांवरून आज मला योगासनं सुचवली जातात ती त्या खेळातली कायमची हुकमाची पानं होती. फ्रान्समध्ये लोक अजूनही टॅरो खेळतात. भाच्याने मोबाइलवर नियम शोधले: चौघांना अठरा-अठरा पानं, सहा बाजूला. त्या सहांना फ्रेंच लोक 'कुत्रा' म्हणतात हे ऐकल्यावर मामांचा त्या राष्ट्राविषयीचा आदर वाढला. कुंदाला चौथी भिडू म्हणून बसावंच लागलं, संच तिचा होता.

मामा घड्याळातले रोमन आकडे वाचत आलेले, त्यांना हुकूम पटकन लागले. दुसऱ्याच डावात कुंदाने मोठ्या तोऱ्यात पेल्यांची राणी उतरली. मामांच्या हातात पेले संपले होते. त्यांनी पांढऱ्या घोड्यावरचा सापळा राणीवर टाकला आणि पानं ओढायला हात पुढे केला.

"मामा, त्याचा अर्थ मृत्यू नसतो," कुंदा कळवळून म्हणाली. "परिवर्तन असतो!"

"असेल," मामा म्हणाले. "हात माझा."