कार्डावरचा लोड

माझी सगळी नोकरी पन्नास हर्ट्झात गेली. घराघरांत येणाऱ्या विजेचे चक्र सेकंदाला ५० वेळा फिरते आणि ते तेवढेच फिरावे म्हणून देशभर माणसे डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात. मुभा किती, तर खाली ४९.९० आणि वर ५०.०५. काटा घसरला की वरून निरोप यायचा, लोड कमी करा. या शिस्तीत तेहतीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या माणसासमोर गेल्या मे महिन्यात त्याची अठरा वर्षांची भाची पलंगावर मांडी घालून बसली आणि शेवेचा बकाणा भरता भरता म्हणाली, "मामा, शंभर मेगाहर्ट्झ वाढवून बघू या का रे?"

शंभर मेगाहर्ट्झ म्हणजे दहा कोटी हर्ट्झ. मी आधी पाणी प्यालो.

प्रकरण मुलाच्या कॉम्प्युटरचे होते. तो नोकरीला बंगळुरूला गेला, आणि २०१७ साली मुंबईहून हौसेने आणलेला हा डबा अकोल्याला आमच्या गळ्यात टाकून गेला. आणला होता लॅमिंग्टन रोडवरून. त्या रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते, पण कॉम्प्युटर घ्यायला निघालेला माणूस ती पाटी वाचत नाही. डब्यात जीटीएक्स १०६० नावाचे ग्राफिक्स कार्ड आहे, सहा जीबीचे. मुळात हे २०१६ चे मॉडेल, म्हणजे कार्डांच्या जगात माझ्याच वयोगटातले. भाचीला त्यावर 'रेड डेड रिडेम्प्शन २' खेळायचे होते. त्यात एक दरोडेखोर घोड्यावरून अमेरिकाभर हिंडतो. घोडा सुरेख आहे, शेपटीचे केस वेगवेगळे हलतात. पण भाचीचे म्हणणे, तो अडखळतो. सेकंदाला ४६ चित्रे, म्हणजे फ्रेम, पडत होती, तिला ६० हवी होती. मला ४६ आणि ६० यांतला फरक दिसला नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल असे मामीने सुचवले.

भाचीने समजावले ते असे. कार्डाच्या पोटात दोन चौरस सेंटिमीटरची चिप असते, तिच्यात ४.४ अब्ज ट्रान्झिस्टर. ते सगळे एका ठेक्यावर काम करतात. कंपनीने कागदावर लिहिलेला ठेका १७०८ मेगाहर्ट्झ. पण सगळ्या चिपा सारख्या निघत नाहीत, आणि कंपनीला तर सगळ्यांवर एकच आकडा छापायचा असतो. म्हणून ती हात राखून छापते. हा राखलेला हात सोडवून घेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

हे मात्र मला तत्काळ कळले, कारण कापसाच्या गावात प्रतवारी कोणाला समजवावी लागत नाही. शिवाय मी पाट्या वाचण्यातच म्हातारा झालो. गावाबाहेर खांबांवर जो ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याला शेतकरी डीपी म्हणतात, त्याच्या पाटीवर ६३ केव्हीए किंवा १०० केव्हीए लिहिलेले असते. त्या आकड्यावर तो चालतोच, पण डिसेंबरच्या रात्री थोडा जास्त लोडही मुकाट ओढतो. मेच्या दुपारी तोच लोड ओढायला लावला तर गुरगुरतो. कारण लोड त्याला मारत नाही, उष्णता मारते. आतल्या कागदी वेष्टनाचा आमच्याकडे एक हिशेब होता. मर्यादेच्या वर दर सहा अंशांना आयुष्य निम्मे. हा हिशेब डोक्यात असलेला माणूस नंतर कुठल्याही गरम वस्तूकडे निष्पाप नजरेने पाहू शकत नाही. मी तर सुरुवातीला मामीच्या कुकरचीही चौकशी करत असे.

म्हणून मी अट घातली. आकडा वाढवायचा तर आधी लॉगशीट. उपकेंद्रात आम्ही तासातासाला तेलाचे तापमान लिहीत असू, तशी एक दोनशे पानी वही काढली आणि रेघा मारल्या: वेळ, खोली, कार्ड, पंखा, ठेका, शेरा. भाचीने हसून घेतले. मग आफ्टरबर्नर नावाचे फुकट सॉफ्टवेअर उतरवले. ते एमएसआय कंपनीचे आहे, पण कार्ड कोणाचेही असले तरी चालते. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावे, बनावट प्रती फिरत असतात, असे तीच मला बजावत होती, जणू मीच कुठून तरी चोरटा माल आणणार होतो.

पहिली नोंद अशी: दुपारी २.४०, खोली ३६, कार्ड ८३, ठेका १७२१. त्र्याऐंशीवर या कार्डाची लक्ष्मणरेषा असते. तिथे पोचले की ते स्वतःच तेरा-तेरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्या उतरू लागते. थोडक्यात, आम्ही वेग वाढवायला निघालो होतो आणि कार्ड आधीच पदर सावरून जिना उतरत होते.

यात एक गोम आहे, आणि ती ओव्हरक्लॉकिंगच्या कुठल्याच धड्यात मला नीट सापडली नाही. ते धडे लिहिणाऱ्यांची खोली एकवीस-बावीस अंशांवर असते. कार्डाचा पंखा कार्डाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढेच तापते. म्हणजे त्या लोकांना फुकट मिळालेले पंधरा अंश आम्हाला अकोल्यात पदरचे भरावे लागतात. "सत्तर अंश ठीक, ऐंशी चालेल" हे वाक्य लिहिणाऱ्याने मे महिन्यात मूर्तिजापूर रोडवर दुपारी अडीचला स्कूटर लावून पाहावी.

भाचीने साहजिकच कूलर कॉम्प्युटरकडे वळवण्याचा प्रस्ताव मांडला. तो मी फेटाळला. आमच्या कूलरला बोअरचे पाणी. त्याचे शिंतोडे उडतात आणि वाळल्यावर ताट्यांवर जो पांढरा क्षार धरतो तो कार्डावर धरायला नको. कूलर माणसांसाठी ठेवायचा, कार्डाला कोरडी हवा द्यायची.

मग डबा उघडला. आत जे होते त्याला धूळ म्हणणे म्हणजे गोधडीला रुमाल म्हणणे. जाळीत वर्षानुवर्षांचे थर, त्यात कूलरच्या ताटीचे भुस्कट आणि एक मुंगळा. शेजारच्या कूलर दुरुस्तीवाल्याचा ब्लोअर आणला. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग घालवतो. चिपेवरची थर्मल पेस्ट वाळून खपली झाली होती. ती स्पिरिटने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. मामीने हे सगळे दारातून पाहिले आणि माळ्यावर तोच ब्लोअर मारता का, असे विचारले. तो तांत्रिक चर्चेचा विषय नसल्यामुळे आम्ही उत्तर दिले नाही.

नोंद दुसरी: खोली ३६, कार्ड ७७, ठेका १८५०. फ्रेम ४९. हाताने एक मेगाहर्ट्झही न वाढवता तीन फ्रेम. मला इथेच थांबायला आवडले असते. पण भाची अठरा वर्षांची होती.

खरे ओव्हरक्लॉकिंग दिसायला फार अळणी आहे. पॉवर लिमिट थोडी सरकवायची. मग कोअर क्लॉक २५ने वाढवायचा, दहा-पंधरा मिनिटे चाचणी, पुन्हा २५. चाचणीसाठी 'हेवन' नावाचा एक देखावा असतो, त्यात आकाशात तरंगणारे एक गाव सारखे फिरत राहते. ते गाव मी त्या दिवशी इतक्या वेळा पाहिले की तिथे डीपी कुठे बसवावी हे मी सांगू शकेन. व्होल्टेजला हात लावायचा नाही हे आमचे ठरले होते. १२५वर खेळात घोड्याच्या पोटाशी हिरवे ठिपके चमकले. "आर्टिफॅक्ट," भाची म्हणाली. मला वाटले, उत्खननात काही निघाले. ठिपके म्हणजे चिप हिशेबात चुकू लागल्याची खूण. तेव्हाच मागे यायचे असते. ती मागे आली नाही, १५० केले. पडदा काळा झाला, दोन सेकंद गेले आणि चित्र परतले. विंडोज दोन सेकंद वाट पाहते आणि कार्ड उत्तर देत नाही असे दिसले की त्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू करते. आमच्या फीडरवरचा ब्रेकर असाच पडतो आणि काही सेकंदांनी आपला आपण उठतो. या पोरांनाही ट्रिपिंग असते हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी प्रथमच आपुलकी वाटली.

मेमरीचे वेगळेच. ती फार ताणली तर दर वेळी बंद पडत नाही. चुका झालेले आकडे पुन्हा मागवत बसते, त्यामुळे पाटीवर वेग वाढतो आणि फ्रेम कमी होतात. त्रुटीचा शेरा मारून फाइल परत पाठवणारे एक बडेबाबू आमच्या कार्यालयात होते. त्यांचाही निपटारा कागदोपत्री उत्तम असे.

रात्री जेवताना भाचीने या पंथातल्या सिद्ध पुरुषांच्या कथा सांगितल्या. ते चिपेवर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओततात, आणि आजूबाजूला दव धरून शॉर्ट होऊ नये म्हणून सर्किटाला व्हॅसलिन फासतात. तेच, आपण थंडीत ओठांना लावतो ते. पण माझा घास अडला तो पुढच्या गोष्टीला. कार्ड आपण किती वीज ओढतो हे एका छोट्या रेझिस्टरवरून मोजते. काही महाभाग त्या रेझिस्टरवर दुसरा तसाच डाखतात, मग कार्डाला आपला वापर निम्माच दिसतो आणि मर्यादा लागूच होत नाही. याला ते शंट मॉड म्हणतात. आम्ही याला मीटरमध्ये छेडछाड म्हणत होतो आणि पंचनामा करत होतो. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "पण मामा, कार्ड तर त्यांचं स्वतःचं असतं." आकडा टाकणारेही म्हणत, खांब तर आमच्याच शेतात आहे.

तसा वेगाच्या आकड्यांवरचा माझा विश्वास जुनाच उडालेला आहे. नव्वदच्या दशकात कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला. त्याला टर्बो नावाचे बटण होते आणि समोर मेगाहर्ट्झचे लाल आकडे पेटत. साहेब केबिनबाहेर येऊन ते बटण दाबत आणि आकडा वाढलेला पाहून समाधानाने आत जात. पुढे कळले की तो आकडा काहीही मोजत नसे. दुकानदाराने मागच्या पिना जशा लावल्या असतील तसा तो उजळायचा. आणि बटणाचा खरा उपयोग वेग कमी करण्याचा. ४.७७ मेगाहर्ट्झच्या जमान्यात लिहिलेले खेळ नव्या यंत्रावर भरधाव सुटत, त्यांना लगाम घालायला ते होते.

ही गोष्ट ऐकता ऐकता भाची एकदम गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच उलटा रस्ता काढला. व्होल्टेज कमी करायचे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबले की व्होल्टेज आणि ठेका यांचा आलेख उघडतो. कंपनी इथेही हात राखून, म्हणजे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देते, कारण वाईटातली वाईट चिपही चालली पाहिजे. आमचे कार्ड १.०५ व्होल्टवर पळत होते. ते तिने ०.९२५ वर आणले आणि ठेका १८८५वर बांधून टाकला. चिपेत जळणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, त्याच ठेक्याला बावीस टक्के बचत. तेहतीस वर्षांत इतकी गळती मी कुठल्याच फीडरवर वाचवू शकलो नव्हतो.

नोंद: खोली ३६, कार्ड ७१, मेमरी अधिक ३००, फ्रेम ५१. आदल्या दिवशी ठिपक्यांसकट ५३ होत्या. दोन फ्रेम सोडल्या. घोड्याची तक्रार नव्हती.

एक गोष्ट मात्र मी पदरचे पैसे घालून केली. डब्यातला जुना एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, बदलला. त्याच्यावर ४५० वॅट लिहिले होते, आणि हातात घेतल्यावर तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागला. कार्ड मुळात १२० वॅटचे, त्याला त्रास नव्हता. पण कार्डावर लोड वाढवायचा आणि मागे असली पाटी ठेवायची म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार बांधण्यासारखे. ते मी लोकांना आयुष्यभर करू दिले नाही. तुम्ही या खटाटोपात पडणार असाल तर आधी तेवढे बघा, बाकीचे कार्ड स्वतःच सांभाळते. आणि सेटिंग पक्के ठरेपर्यंत 'विंडोज सुरू होतानाच लागू करा' ही खूण करू नका. नाहीतर यंत्र उठल्या उठल्या पडेल आणि पुन्हा उठून पुन्हा पडेल.

भाची पुण्याला परत गेली. आफ्टरबर्नरमध्ये पाच कप्पे असतात. पहिल्यात ती मे महिना ठेवून गेली आहे, दुसऱ्यात डिसेंबर. बाकीचे तीन मामाला दिले आहेत म्हणे. मी रोज दुपारी अर्धा तास घोडा फिरवून आणतो. दरोडे घालत नाही.

वहीतली शेवटची नोंद: ३१ मे, दुपारी ३.००. खोली ३७, कार्ड ७२, पंखा ६५ टक्के, ठेका १८८५, शेरा: सुरळीत. ३.१२ला वीज गेली.