कच्ची मडकी आणि पक्के श्रेयांक

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी, ज्याला एके काळी दूरदेशीचे व्यापारी तगर या नावाने ओळखीत, एक कुंभार होऊन गेला, आणि परीक्षाशास्त्रात त्याचे स्थान कोणत्याही कुलगुरूच्या खाली लावता येणार नाही, असे आमचे नम्र मत आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी मडकी घडविण्याचे थापटणे हाती घेतले, एकेकाच्या मस्तकावर एकेक टोला दिला आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निकाल भर सभेत जाहीर केला, अशी कथा आहे. नामदेव रुसले खरे. परंतु अखेर विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले. अशा गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात सांप्रत कोणाचेही मडके कच्चे निघत नाही, ही शिक्षणाची प्रगती मानावी की थापटण्याची अधोगती, याचा विचार करण्यासाठी आजचे सदर खर्ची घालीत आहोत.

विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकाच्या कुंपणाबाहेरचे जग पाहावे, आपल्या विषयापलीकडचेही चार शब्द जाणावे आणि ज्या समाजाच्या पैशावर आपण शिकतो त्याचे थोडे ऋण फेडावे, ही कल्पना मुळात थोर आहे. 1948-49 साली राधाकृष्णन आयोगाने सामान्य शिक्षणाचा पुरस्कार केला. 1959 साली चिंतामणराव देशमुखांच्या समितीने राष्ट्रीय सेवेचा विचार मांडला. आणि गांधीजन्मशताब्दीच्या निमित्ताने 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना रुजू झाली. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि एखाद्या दत्तक गावी सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा सरळ हिशेब होता. पुढे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि सेवा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग या सर्वांस श्रेयांकांच्या मापाने मोजून घेण्याची तजवीज झाली. तीस तासांचा एक श्रेयांक. आणि तो जमा करावयास श्रेयांकांची स्वतंत्र पेढी. कठोपनिषदात यमधर्माने नचिकेत्यास श्रेय आणि प्रेय यांतील भेद मोठ्या परिश्रमाने समजावून दिला. परंतु जी वस्तू नावाने श्रेय, स्वभावाने प्रेय आणि व्यवहाराने ठेव आहे, तिची कल्पना प्रत्यक्ष यमासही आली नव्हती.

आता अडचण एवढीच की, ज्या विद्यार्थ्यास ग्रामजीवनाचा परिचय करून द्यावयाचा, तो आमच्या जिल्ह्यात बहुधा पहाटे म्हशीची धार काढून, सोयाबीनच्या राशीवर ताडपत्री ओढून आणि एस. टी.च्या दांड्याला लोंबकळत महाविद्यालयात पोहोचलेला असतो. त्याला गाव दाखविण्यासाठी दुसऱ्या गावी नेले जाते. तेथे शाळेच्या वर्गखोलीत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, नंतर श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. श्रमदानात तो शोषखड्डा खणतो. त्याच सुमारास त्याची आई रोजगार हमीच्या कामावर माती उपसत असते. टिकाव तोच, माती तीच, घामही एकाच घराण्याचा. परंतु आईच्या खणण्याला मजुरी म्हणतात आणि मुलाच्या खणण्याला व्यक्तिमत्त्वविकास. मुलाची हजेरी लागते ती अक्षांश-रेखांशांसह काढलेल्या छायाचित्रावर. मूल्यांकन समितीपुढे ठेवावयाचे असल्याने या छायाचित्रात खड्ड्यापेक्षा फलक स्वच्छ दिसावा लागतो, आणि फलक धरावयास चार स्वयंसेवक गुंतल्यामुळे खड्डा जरासा उथळ राहिला, तरी दफ्तरी तशी कैफियत कोणी मागत नाही.

क्षेत्र प्रकल्पाची बाब याहूनही सुरस आहे. परवा अशाच एका गावी प्रश्नावलीची चळत घेऊन निघालेल्या एका विद्यार्थ्यासोबत आम्हीही ओट्या-ओट्यावर हिंडलो. एका मावशींनी त्याचे प्रश्न निमूट ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या, "आरं, मागल्या साली बी हेच इचारून गेलते की. शेळ्या किती, नळ हाय का, पाणी किती दिसाला येतंय. शेळ्या दोन वाढल्या, लिव्ह. नळाचं तेवढं तुम्हीच सांगा." विद्यार्थ्याने शेळ्यांच्या रकान्यात पाच असा आकडा घातला आणि नळासमोर 'आहे' असे लिहिले, कारण नळ खरोखरच होता; त्यात पाणी असते किंवा कसे, याचा रकाना मसुद्यातच नव्हता. शेळ्या अर्थात उस्मानाबादी. जिल्ह्याचे नाव 2023 साली बदलले, परंतु शेळीने कोठल्याही कचेरीत फेरफाराचा अर्ज दिलेला नाही. शिक्का कोणताही असो, दूध देणे हेच आपले काम, एवढी समज तिला कोणत्याही मूल्यशिक्षणाविना आली आहे.

सेवेचा अर्थ या जिल्ह्यास ठाऊक नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपतीविसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीची आणि आमच्या सास्तूरची भूमी हादरली, दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. त्या ढिगाऱ्यांकडे महाराष्ट्रभरातून जे तरुण धावले, त्यांना आपण किती तास उपसले हे मोजण्यास सवड नव्हती, आणि आजच्या मापाने पाहता त्यांचे सारे कष्ट बिनश्रेयांकी ठरतात. त्यांच्यापैकी कित्येकांना माणसाच्या आयुष्याविषयी जे कळले असेल, ते कोणत्याही सत्राच्या अभ्यासक्रमात बसणारे नव्हते.

तेव्हा सेवा बंद करावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. शिबिराच्या त्या सात रात्रींत अनेक मुलेमुली प्रथमच जातीपातीची पंगत मोडून एका ताटात जेवतात, एवढ्यासाठीही ही शिबिरे चालू राहावीत. आमची सूचना केवळ परीक्षकासंबंधी आहे. जो शिकवितो, तोच हजेरी लावितो, तोच छायाचित्र काढितो आणि तोच गुण देतो, ही व्यवस्था गोरोबाकाकांस पसंत पडली नसती. म्हणून थापटणे गावाच्या हाती द्यावे. शिबिराचे गुण समारोपाच्या हारतुऱ्यांत न वाटता एक पावसाळा उलटू द्यावा. शोषखड्डा सांडपाणी पितो की डास पोसतो, लावलेले रोप जगले की शेळीने त्याचा सामाजिक उपयोग केला, आणि नळासमोर लिहिलेल्या त्या 'आहे'चे पुढे काय झाले, हे ओट्यावरच्या मावशींस विचारावे, आणि त्या सांगतील तो शेरा जसाच्या तसा गुणपत्रिकेवर उतरवावा. त्यांनी एखाद्याचे मडके कच्चे ठरविले, तर त्याने फेरतपासणीचा अर्ज करू नये. नामदेवांनी केला नव्हता.