चौदाचा तेरा

मी रस्त्याच्या कडेला बसलेलो, डावं मनगट वांग्यासारखं सुजलेलं, आणि फोनवर क्लेमकाका विचारत होते, “वाढदिवस कधी रे तुझा?”

जागा गरगच्या वाटेवरचा एक क्रॉस. धारवाडकडे दोन रस्ते एकमेकांना कापतात त्या ठिकाणाला क्रॉस म्हणतात. तिथं चहाची टपरी असते, मारुती असतो, आणि कुणीच थांबायचं नाही असा अलिखित नियम असतो. मेव्हण्याची मोटार सरळ चाललेली, भाजीचा टेम्पो बाजूनं घुसला. मेव्हण्याला खरचटलंही नाही. टोमॅटो मात्र माझ्या मांडीवर.

“अजून अकरा दिवस आहेत काका,” मी कण्हलो.

“मग चौदा! पंचेचाळीसचा आहेस तोवर चौदा. सेहेचाळीस झाला असतास की तेरा. नशीबवान आहेस बघ.”

हा चौदा-तेराचा हिशेब म्हणजे २००९ चा सरला वर्मा खटला. अपघातात माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला तर भरपाईसाठी त्याची वर्षाची कमाई कितीनं गुणायची, याचा तक्ता सुप्रीम कोर्टानं त्यात घालून दिला. पंधरा ते पंचवीस वयाला अठरा. मग दर पाच वर्षांनी एकेक कमी, पन्नाशी ओलांडली की दोन-दोन. वकील हा तक्ता कोर्टात वापरतात. काका तो लग्नाकार्यात वापरतात.

साखरपुड्यात पेढा तोंडात टाकत म्हणतात, “मुलगा सतरा, मुलगी अठरा. छान जोडा.” कॉलेजच्या मैदानावर सकाळी फिरायला येणारे म्हातारे म्हणजे “सातांची बैठक”. माझ्या मित्राला एकावन्नाव्या वाढदिवसाला त्यांनी मिठी मारून सांगितलं, “तेराचा एकदम अकरा झालास की रे!” तो दोन दिवस जेवला नाही. एका मुंजीत बटूला ओवाळताना म्हणाले, “हा अजून तक्त्यात आलेला नाही.”

काकूंना एकदा कौतुकानं सांगायला गेले, की लता वाधवा खटल्यात सुप्रीम कोर्टानं घरच्या बाईच्या कामाचीही किंमत धरली आहे, २००१ सालीच, महिना तीन हजार. त्या दिवशी काकांना चहा मिळाला नाही.

काका कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाले ते कागदापुरते. २००८ मध्ये हायकोर्टाचं पीठ धारवाडला आलं, विम्याच्या अपिलासाठी रात्रीची गाडी धरून बेंगळुरू गाठायचं संपलं, तेव्हा काकांनी घरी सत्यनारायण घातला. जणू पीठ ह्यांनीच डोक्यावरून आणलं.

तर मनगट. डॉक्टर पोचायच्या आत काका दवाखान्यात. “एमएलसी लिहिली का? वूंड सर्टिफिकेट? महजर कुणी केलं?” पोलीस-केसची नोंद, जखमेचा दाखला, पंचनामा; दुखतंय का, हे सोडून सगळं विचारलं. “क्लेम घालायला सहा महिने आहेत फक्त. २०२२ पासून मुदत घातली आहे, निजू नकोस.” डॉक्टरांनी पुढं हाताला चोवीस टक्के अपंगत्व लिहून दिलं. मी हबकलो. काका शांतपणे म्हणाले, “ते हाताचं. सगळ्या देहाचं आठ धरतील. तिसरा हिस्सा, आपल्याकडचा रिवाज आहे.” माझा देह भागाकारानं एवढा सुधारेल असं वाटलं नव्हतं.

कोर्टाच्या तारखांना ते माझ्याबरोबर येत, चिगरी बसनं, काखेत पिशवी. मला ते नकोसे झाले होते. खरं सांगतो, लपायचोसुद्धा. एका तारखेला असाच खांबाआड उभा होतो. समोर बाकावर एक बाई, शेतमजूर असावी, पायात सळई, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दुमडलेला एक्सरे. काका तिच्यापुढं जमिनीवर उकिडवे बसून कन्नडमध्ये विचारत होते, रोजचं काम काय, भांगलण की कापणी, मजुरी किती, कुणाच्या शेतात. दाखला नव्हता म्हणून आठ जणींची नावं लिहून घेतली, तिच्याबरोबर कामाला जाणाऱ्या. “साक्षीला ह्यातल्या दोघी तरी आण,” म्हणाले. मग वय. बाईला ठाऊक नव्हतं. मोठ्या पुराच्या वर्षी थोरला झाला, एवढंच आठवत होतं. काका बोटं मोजत राहिले, किती तरी वेळ. चाळीसच्या अलीकडं की पलीकडं, पंधरा की चौदा. घाम पुसत पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या भाजीच्या टेम्पोला विमा नाही, तर दुसरी विम्याची गाडी दाखवू, असं सुचवणारा एक एजंट मागं आला होता. त्याला काकांनी जी शिवी दिली ती कन्नड होती की मराठी, अजून ठरत नाही.

माझा निकाल लागला. रक्कम सांगत नाही, काका जिन्यावरून गणितातली चूक ओरडतील.

परवा त्यांचा वाढदिवस झाला. काकूंनी गव्हाची हुग्गी केली होती. सगळे वाट बघत होते, पण त्या दिवशी काकांचा आकडा काही आला नाही. शेवटी मीच सूड उगवला. “काका, आता कितीचे?”

त्यांनी वाटीतला गहू चमच्यानं इकडून तिकडं सारला.

“सत्तरपर्यंतच आहे रे तक्ता,” म्हणाले. “सहासष्ट ते सत्तर, पाच. पुढं लिहिलेलं नाही.”

पंखा तेवढा फिरत होता. मला दुसरा विषय सुचेना.

काका वाटी पुढं करून म्हणाले, “तूप घाल थोडं.”

काकूंनी चमचाभर घातलं. त्यांनी वाटी तशीच धरून ठेवली.

“तीन हजारात एवढंच बसतं,” काकू म्हणाल्या, आणि आणखी दोन चमचे घातले.